कंठांतील चार दाणे

लंडन येथील प्राणिसंग्रहालयानें इ. स. १८३४ मध्यें हिंदुस्थानांतील एक गेंडा एक हजार गिनी मोजून विकत घेतला. पंधरा वर्षें तेथील थंडी व धुकें सोसून तो प्राणी १८४९ च्या अखेरीस मेला, तेव्हां त्याचें शव रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठीं गेलें. संग्रहालयांत जो प्राणी मरेल त्यावर पहिला हक्क ओवेनचा असे. आणि त्याची पत्नी एकदां घरीं परतली तों उंबरठ्याच्या आंतच मेलेला गेंडा पडलेला तिला दिसला, अशी आख्यायिका आहे. ओवेननें त्या अवाढव्य देहाची चिरफाड मोठ्या चिकाटीनें केली. कंठांतील अवटु ग्रंथि, म्हणजे जिला आतां सुशिक्षित कुटुंबांत सारे जण थायरॉईड म्हणतात ती, तपासतांना जेथून तिच्या शिरा बाहेर पडतात तेथें एक लहानसा, घट्ट व पिवळसर असा ग्रंथीचा पुंजका त्याला चिकटलेला आढळला. आपल्या निबंधांत त्यानें त्याची अगदीं ओझरती नोंद केली, आणि तो पुढच्या अवयवाकडे वळला.

गेंडा आपल्या देशाचा, एवढ्याचसाठीं ही हकीकत आम्ही येथें देत आहों असें वाचकांनीं समजूं नये. थोडा अभिमान त्यांत आहे हें मात्र आम्ही नाकारीत नाहीं. ओवेननें ज्याच्याकडे क्षणभर पाहिलें तोच पुंजका तुमच्याआमच्या गळ्यांतही आहे. माणसांत अशा ग्रंथि बहुधा चार असतात. दोन उजवीकडे, दोन डावीकडे, थायरॉईडच्या पाठीला लगटून. प्रत्येक मसुरीच्या दाण्याएवढी. चारी एकत्र तोलल्या तर एक-दीड गुंज भरतील. यांना परावटु ग्रंथि असें नांव आहे, आणि रक्तांतील कॅल्शियमचें, म्हणजे ज्या द्रव्यापासून खडू, चुना व आपलीं हाडें बनलीं आहेत त्या द्रव्याचें, प्रमाण राखणें हें यांचें काम. शंभर मिलिलीटर रक्तद्रवांत साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम इतकें कॅल्शियम असावें लागतें. तें खालीं घसरलें कीं मज्जातंतु विनाकारण चेतूं लागतात. प्रथम ओठांभोंवतीं व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग हात आंखडून बोटें एकमेकांस चिकटतात, पायांत गोळे येतात, आणि घसरण थांबली नाहीं तर कंठाचे स्नायू आवळून श्वास कोंडतो.

थायरॉईड काढण्याच्या शस्त्रक्रियेंत हे चार दाणे सांपडतात. कधीं ते थायरॉईडबरोबर कापले जातात, कधीं चिमट्यानें चेंगरतात, आणि बहुतेक वेळां ते जागच्या जागीं राहूनही त्यांना रक्त पुरविणारी केसासारखी बारीक धमनी तुटते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम कोरडी आहे, रोगी बोलूं लागला आहे, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं त्याचे हात वळूं लागतात. हें संकट कोणावर येणार व कोणावर नाहीं, तें येण्यापूर्वीं सांगतां येईल काय, या एका प्रश्नामागें शस्त्रवैद्यक दीडशें वर्षें कसें लागलें आहे तें आम्हांस या लेखांत पाहावयाचें आहे.

गळ्यावरील सूज हा रोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेंत गलगंडाचें वर्णन आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून तो पिढ्यान् पिढ्या घर करून राहिला होता. युरोपांत आल्प्सच्या खोऱ्यांची तीच स्थिति होती. पावसानें व बर्फानें धुऊन निघालेल्या जमिनींत आयोडीन उरत नाहीं, आणि आयोडीन न मिळाल्यामुळें थायरॉईड फुगते, हें पुढें कळलें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या सुजेला हात लावणें म्हणजे रोग्याला मारणें असेंच बहुतेक शस्त्रवैद्य मानीत. कारण या ग्रंथींत रक्ताचा पुरवठा इतका कीं चाकू लावतांच पूर यावा. फ्रान्सच्या वैद्यक परिषदेनें १८५० मध्यें अशा शस्त्रक्रियेचा निषेध केला, आणि अमेरिकेंतील सॅम्युएल ग्रॉसनें १८६६ मध्यें तिची संभावना खाटिकखान्याच्या भाषेंत केली. भूल देण्याची युक्ति, लिस्टरची जंतुनाशक पद्धति व रक्तवाहिन्या पकडून ठेवणारे चिमटे हीं तीन साधनें एकत्र आलीं तेव्हां मात्र चित्र पालटलें.

तें पालटविणाऱ्यांत दोन नांवें अग्रगण्य आहेत, आणि योगायोगानें दोघांचेंही पहिलें नांव थिओडोर. व्हिएन्नाचा थिओडोर बिलरोथ हा ब्राम्स या संगीतकाराचा जिवलग मित्र, स्वतः वाद्यें वाजविणारा, हातानें झपाट्याचा व वृत्तीनें धाडशी. त्यानें झुरिक येथें असतांना गलगंडाच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. परंतु इतके रोगी दगावले कीं त्यानें तें काम सोडून दिलें, व जंतुनाशक पद्धति हातीं आल्यावर सुमारें दहा वर्षांनीं तें पुन्हां आरंभिलें. बर्नचा थिओडोर कोखर हा याच्या अगदीं उलट. शांत, संथ, कमालीचा नीटनेटका. रक्ताचा थेंबही वायां जाऊं द्यावयाचा नाहीं, आणि प्रत्येक पापुद्रा ओळखून मगच वेगळा करावयाचा, अशी त्याची रीत. १८८३ पर्यंत त्याच्या हातून सुमारें शंभर गलगंड निघाले होते, व पुढें आयुष्यभरांत हा आंकडा पांच हजारांवर गेला. त्याच्या शेवटच्या वर्षांत दोनशें रोग्यांत जेमतेम एखादा दगावे.

कोखरच्या यशावर पहिला घाला आला तो परावटूंमुळें नव्हे, थायरॉईडमुळेंच. जिनीव्हाच्या रेव्हेर्दां यानें १८८२ मध्यें त्याच्या कानावर घातलें कीं, संपूर्ण ग्रंथि काढलेल्या कांहीं रोग्यांत नंतर विचित्र मंदपणा येतो. कोखरनें आपल्या जुन्या रोग्यांना पुन्हां बोलावून घेतलें. ज्यांची थायरॉईड पूर्णपणें काढली होती अशांपैकीं अठरा जणांची तपासणी झाली. त्यांत दोघेच धड होते. बाकीचे सुजलेले, थंडीनें कुडकुडणारे, बोलण्यांत जड व बुद्धीनें मंद झालेले. त्यांत लहान वयांत शस्त्रक्रिया झालेली एक मुलगी होती. तिची वाढच खुंटली होती. कोखरनें ही गोष्ट लपविली नाहीं. १८८३ मध्यें त्यानें ती शस्त्रवैद्यांच्या सभेपुढें स्वतः मांडली, आणि पुढें संपूर्ण थायरॉईड काढण्याचें टाळलें. १९०९ चें नोबेल पारितोषिक त्याला थायरॉईडवरील कार्याबद्दल मिळालें. परंतु आमच्या मतें त्याचा खरा मोठेपणा त्या अठरा जणांना पुन्हां बोलावण्यांत दिसतो.

इकडे व्हिएन्नांत निराळाच प्रकार घडत होता. बिलरोथचा सहाय्यक अँटन वेल्फ्लर यानें १८७९ मध्यें एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली: संपूर्ण थायरॉईड काढल्यावर त्याला आकडीचे झटके येऊं लागले होते. या आकडीला वैद्यकांत टेटनी म्हणतात. धनुर्वाताशीं नांवाचें साम्य असलें तरी त्याचा जंतूंचा संबंध येथें नाहीं. व्हिएन्नाच्या वैद्यांना टेटनी अपरिचित नव्हती. हिंवाळ्याच्या अखेरीस तेथील चांभारांत व शिंप्यांत ती दिसे, दूध पाजणाऱ्या स्त्रियांत दिसे, मुडदूस झालेल्या मुलांत दिसे. पॅरिसच्या ट्रूसोनें १८६१ मध्यें दाखविलें होतें कीं, अशा रोग्याचा दंड कांहीं मिनिटें आवळून धरला तर त्याचा हात सुइणीच्या हाताप्रमाणें निमुळता होऊन आंखडतो. आणि ख्वोस्टेक या ऑस्ट्रियन लष्करी वैद्यानें १८७६ मध्यें दाखविलें होतें कीं, कानापुढें गालावर बोटानें टिचकी मारली तर ओठाचा कोपरा उडतो. भाकिताचीं हीं पहिलीं साधनें. यांत यंत्र नाहीं, रसायन नाहीं. वैद्याचें बोट व रोग्याचा गाल एवढीच सामग्री. दुर्दैवानें निरोगी माणसांतही कित्येकांचा ओठ टिचकीनें उडतो, व कॅल्शियम घसरलेल्या कित्येकांचा उडत नाहीं. म्हणून या खुणेवर विसंबून निर्धास्त झोंपणें शहाणपणाचें नव्हे.

नाथान वाइस यानें शस्त्रक्रियेनंतरच्या टेटनीचीं उदाहरणें लवकरच एकत्र केलीं. परंतु कारण कोणासच सांगतां येईना. कोणी म्हणे मज्जातंतु दुखावले, कोणी म्हणे मेंदूकडील रक्ताचा ओघ बदलला, कोणी म्हणे जंतुनाशक औषधाचें विष भिनलें. आणि एक कोडें तर सर्वांनाच पडलें होतें: बिलरोथच्या रोग्यांना आकडी येते व मंदपणा क्वचित् येतो, कोखरच्या रोग्यांना मंदपणा येतो व आकडी क्वचित् येते, शस्त्रक्रिया एक, फळें दोन, हें कसें?

याचा उलगडा अमेरिकेंतील विल्यम हाल्स्टेड यानें केला. त्यानें दोघांचेंही काम जवळून पाहिलें होतें, व १९२० मध्यें लिहिलेल्या गलगंडाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासांत त्यानें आपला तर्क मांडला आहे. कोखर इतका काटेकोर कीं थायरॉईडचा कण न् कण तो काढी, परंतु तिच्या आवरणाबाहेरील कशासही धक्का लावीत नसे. म्हणून परावटु वांचत व थायरॉईड मुळींच उरत नसे. बिलरोथ घाईचा, रक्तस्रावाची त्याला फारशी क्षिति नसे. त्याच्या हातून थायरॉईडचे तुकडे मागें राहत आणि परावटु मात्र जात. एकाच्या सुबकपणानें एक रोग उपजला, दुसऱ्याच्या झपाट्यानें दुसरा. हा तर्क इतका देखणा आहे कीं त्याविषयीं थोडा संशय बाळगावा असें आम्हांस वाटतें. दोन माणसांच्या स्वभावावर इतका भार घालणें धोक्याचें असतें. तरीही दोन्ही ठिकाणच्या रोग्यांच्या वृत्तांतांशीं तो जुळतो, आणि त्याहून चांगला खुलासा अद्यापि कोणी दिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

ज्या वेळीं व्हिएन्नांत वेल्फ्लर आकडीचें कारण शोधीत होता, त्याच वेळीं स्वीडनमधील उप्साला येथें उत्तर छापून निघालें होतें. इव्हार सँडस्ट्रॉम हा तेथील वैद्यकाचा विद्यार्थी. १८७७ मध्यें एका कुत्र्याच्या गळ्यांत त्याला भांगेच्या बीएवढी एक ग्रंथि दिसली. मग त्यानें मांजर, बैल, घोडा, ससा यांचे गळे तपासले, आणि शेवटीं पन्नास मानवी शवें. बहुतेकांत दोन्ही बाजूंस दोन-दोन ग्रंथि सांपडल्या. १८८० मध्यें त्यानें आपला निबंध उप्सालाच्या वैद्यसंघाच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध केला व ग्रंथींना परावटु हें आजचें नांव दिलें. ओवेनचा गेंडा त्याला ठाऊक नव्हता. आणि त्याचें स्वतःचें काम दहा वर्षें कोणास ठाऊक झालें नाहीं. निबंध स्वीडिश भाषेंत होता, ग्रंथींचें काम काय तें त्यांत नव्हतें, आणि एका तरुण विद्यार्थ्यानें सांगितलेल्या मसुरीएवढ्या वस्तूकडे लक्ष द्यावयास शस्त्रवैद्यांना फुरसत नव्हती. १८८९ मध्यें वयाच्या सदतिसाव्या वर्षीं सँडस्ट्रॉमनें आत्महत्या केली. मानवी देहांतील उघड्या डोळ्यांस दिसणारा व तोंवर कोणीं न ओळखलेला असा हा शेवटचा अवयव होय असें मोठमोठे ग्रंथ आज सांगतात. त्याच्या हयातींत हें कोणीं म्हटल्याचें दिसत नाहीं.

दोन वर्षांनीं, १८९१ मध्यें, पॅरिसच्या यूजेन ग्ले यानें सँडस्ट्रॉमचा निबंध धुंडाळून काढला. त्याच्यापुढें एक जुनें कोडें होतें. कुत्र्याची वा मांजराची थायरॉईड काढली तर त्याला आकडी येऊन तें मरतें. सशाची काढली तर तो खुशाल हिंडतो. मांसाहारी व शाकाहारी प्राण्यांत कांहीं मूलभूत भेद असावा असें विद्वान् मानूं लागले होते, आणि शाकाहाराच्या पुरस्कर्त्यांना त्यांतून आनंद झाला असल्यास नवल नाहीं. ग्लेनें दाखविलें कीं आहाराचा येथें कांहीं संबंध नाहीं. सशाच्या दोन परावटु थायरॉईडपासून दूर, सुट्या असतात; म्हणून शस्त्रक्रियेंत त्या वांचतात. त्याही काढल्या तेव्हां सशालाही आकडी आली. १८९५ मध्यें प्राग येथील कोननें या ग्रंथि थायरॉईडपासून सर्वस्वीं स्वतंत्र असल्याचें सिद्ध केलें, आणि १८९६ मध्यें इटलींतील व्हासाले व जेनेराली या दोघांनीं थायरॉईडला धक्का न लावतां केवळ परावटु काढून आकडी आणून दाखविली. गुन्हेगार सांपडला होता. परंतु त्यानें नेमकें चोरलें काय हें अजून कळावयाचें होतें.

तें कळलें बाल्टिमोर येथें. मॅक्कॅलम व फ्योख्ट्लिन यांनीं १९०८-०९ च्या सुमारास परावटु काढलेल्या, आकडीनें तडफडणाऱ्या कुत्र्यांच्या शिरेंत कॅल्शियमचा क्षार सोडला, आणि कांहीं मिनिटांतच झटके थांबून कुत्रीं उठून उभीं राहिलीं. अशा प्राण्यांच्या रक्तांत कॅल्शियम कमी असतें हेंही त्यांनीं मोजून दाखविलें. इतका स्पष्ट पुरावा असूनही वाद मिटला नाहीं. ग्लासगोच्या नोएल पेटननें १९१७ मध्यें निराळें मत मांडलें: परावटु शरीरांतील ग्वानिडीन नांवाच्या विषाचा नाश करतात, व त्या गेल्या कीं विष सांचतें. कांहीं वर्षें पुष्कळांना हें मत पटलें. १९२५ मध्यें कॅनडांतील कॉलिप यानें बैलांच्या परावटूंपासून असा अर्क काढला कीं तो टोचतांच रक्तांतील कॅल्शियम वाढे, तेव्हां ग्वानिडीनची बाजू लंगडी पडली. हा तोच कॉलिप, ज्यानें १९२२ मध्यें इन्सुलिन शुद्ध करण्याच्या कामीं टोरांटोच्या मंडळींस साहाय्य केलें होतें.

याच बाल्टिमोरांत हाल्स्टेडनें हर्बर्ट एव्हन्स या आपल्या विद्यार्थ्याच्या मदतीनें शवांच्या धमन्यांत रंग भरून परावटूंचा रक्तपुरवठा तपासला, व १९०७ मध्यें तो सचित्र प्रसिद्ध केला. (एव्हन्स पुढें ई जीवनसत्त्वाच्या शोधाबद्दल प्रसिद्धीस आला.) प्रत्येक दाण्याला बहुधा एकच स्वतंत्र, सूक्ष्म धमनी असते; ती तुटली तर दाणा डोळ्यांसमोर असूनही निकामी. शस्त्रवैद्यांनीं यावरून मुख्य धमनी दूरवर न बांधतां तिच्या शाखा अगदीं थायरॉईडला भिडून एकेक बांधण्याची शिकवण घेतली. बोस्टनच्या फ्रँक लेही यानें १९२६ मध्यें आणखी एक उपाय लिहिला: चुकून निघालेली परावटु टाकून न देतां तिचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूंत रोंवावे. तेथें ती पुन्हां रक्त धरते व कांहीं आठवड्यांनीं कामाला लागते. रोप उपटलें तर दुसऱ्या वाफ्यांत लावावें, असा हा प्रकार.

इतकें सारें झालें तरी भाकीत होतें तेथेंच होतें. रक्तांतील कॅल्शियम मोजण्याच्या सोप्या रीती १९२० नंतर रुग्णालयांत आल्या, व पुढची कित्येक दशकें शस्त्रक्रियेनंतर सकाळसंध्याकाळ रक्त काढून आंकडा पाहणें हीच पद्धति राहिली. परंतु कॅल्शियम हें फार सावकाश घसरतें. शस्त्रक्रियेनंतर एक दिवसानें, दोन दिवसांनीं, कधीं तिसऱ्या दिवशीं तें तळ गांठतें. पहिल्या संध्याकाळचा आंकडा चांगला आला म्हणून निर्धास्त व्हावें, तों दुसऱ्या रात्रीं मुंग्या. कित्येक शस्त्रवैद्य एका आंकड्याऐवजीं दोन आंकड्यांमधला उतार पाहूं लागले. चढ असेल तर घरीं पाठवावें, उतार असेल तर ठेवून घ्यावें. तेंही उपयोगी ठरलें, पण रोग्याला खाटेवर राहावें लागे तें लागेच.

हें असें कां होतें तें समजण्यासाठीं वाचकांनीं एका मोठ्या वाड्याचें कोठार डोळ्यांपुढें आणावें. हाडें हें कोठार. रक्तांतील कॅल्शियम हें रोजच्या स्वैपाकाला काढलेलें धान्य. आणि परावटूंचा रस ही कोठीवाल्याला मिळणारी आज्ञा. आज्ञा देणारा कारभारी अकस्मात् गेला तरी मुदपाकखान्यांतील धान्य त्याच क्षणीं संपत नाहीं. एक दोन दिवस चूल पेटते. धान्य मोजून कारभारी जिवंत आहे कीं नाहीं हें ठरवूं पाहणारा दोन दिवस मागेंच राहणार. ज्याला आजच कळून घ्यावयाचें आहे त्यानें आज्ञा येते कीं नाहीं तेंच पाहिलें पाहिजे.

ती पाहण्याची युक्ति न्यूयॉर्कमधील सॉलोमन बर्सन व रोझालिन यॅलो यांनीं शोधली. रक्तांतील अत्यल्प द्रव्यें प्रतिपिंडें व किरणोत्सर्गी खूण यांच्या साहाय्यानें मोजण्याची त्यांची पद्धति इन्सुलिनसाठीं प्रथम वापरली गेली, व १९६३ मध्यें तिनेंच परावटूंचा रस मोजला गेला. बर्सन १९७२ मध्यें वारला; यॅलोला १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या रसाचें प्रमाण किती सूक्ष्म म्हणावें? तो पिकोग्रॅमांत मोजतात, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आरंभीं या मोजणीस दिवस लागत. पुढें पद्धति सुधारत गेली, आणि १९९० नंतर शस्त्रक्रियागृहाच्या शेजारींच कांहीं मिनिटांत आंकडा मिळूं लागला. मुख्य गोष्ट ही कीं, हा रस रक्तांत फार थोडा वेळ टिकतो; दोनचार मिनिटांत त्याचें प्रमाण अर्ध्यावर येतें. म्हणून परावटु निकामी झाल्या असतील तर शेवटचा टांका घालण्यापूर्वींच रक्त तसें सांगतें.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून निरनिराळ्या देशांतील शस्त्रवैद्यांनीं हा आंकडा व पुढें येणारी आकडी यांचा मेळ घालून पाहिला. अमेरिकेंतील थायरॉईड संघटनेनें २०१८ मध्यें जें निवेदन प्रसिद्ध केलें त्यांत मिलिलीटरमागें १५ पिकोग्रॅम ही रेषा आहे: ग्रंथि काढून वीस मिनिटें वा अधिक वेळ झाल्यावर रस या रेषेवर असेल तर कडक पाहाऱ्याची गरज बहुधा नाहीं. येथें एक बारकावा लक्षांत ठेवला पाहिजे. हा आंकडा कोण सुरक्षित आहे हें चांगलें सांगतो. कोणाला आकडी येणारच हें तितकें चांगलें सांगत नाहीं. रेषेखालील पुष्कळांना कांहींच होत नाहीं, आणि रेषेवरील एखाददुसऱ्यास मुंग्या येतात. कारण कारभाऱ्याखेरीज कोठाराचीही स्थिति असते. ज्याच्या शरीरांत ड जीवनसत्त्वाची उणीव आहे, ज्याचीं हाडें थायरॉईडच्या अतिरेकानें आधींच पोकळ झालीं असून शस्त्रक्रियेनंतर अधाशासारखीं कॅल्शियम ओढून घेतात, ज्याच्या मानेंतील गांठीही कर्करोगासाठीं काढल्या आहेत, त्याला धोका अधिक. भरपूर उन्हाच्या या आपल्या देशांत ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, हें येथें सांगितलें पाहिजे.

यावरून एक वाद निघाला आहे, आणि तो केवळ वैद्यांचा नव्हे. कित्येक म्हणतात, भाकिताची एवढी खटपट कशाला? संपूर्ण थायरॉईड काढलेल्या प्रत्येकाला कॅल्शियमच्या गोळ्या व ड जीवनसत्त्व द्यावें. स्वस्तांत काम होतें. म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरांत सुमारें सत्तावीस जणांचें कॅल्शियम तात्पुरतें घसरतें, असें अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलें प्रमाण आहे. कायमची उणीव शंभरांत एखाद्याला. परंतु गरज नसतां दिलेल्या गोळ्या बद्धकोष्ठ, मळमळ व क्वचित् उलट कॅल्शियमचा अतिरेकही आणतात. आणि खरोखर धोका असलेल्या रोग्याला सर्वांच्या पंक्तींत बसवून घरीं पाठविलें तर गोळ्या अपुऱ्या पडतील तेव्हां त्याच्याजवळ शिरेंतून औषध देणारा कोणी नसतो. शहरांतील रोग्याला ही भीति थोडी. जो रोगी दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें आठ तासांच्या गांवीं परतणार आहे, त्याच्याबद्दल आदल्या संध्याकाळीं घेतलेला निर्णय हा सारा निर्णय होय. आमचें मत विचाराल तर मोजतां येतें तेथें मोजावें, आणि मोजण्याची सोय नाहीं तेथें सरसकट द्यावें. पण देतांना रोग्याला व त्याच्या घरच्यांना मुंग्यांचा अर्थ मराठींत नीट समजावून सांगावा. हें शेवटचें काम फुकट असूनही पुष्कळदां राहून जातें.

जो शंभरांतील एखादा कायमचा उणा राहतो, त्याची कथा आंकड्यांत मावत नाहीं. बहुधा ती कथा स्त्रीची असते, कारण थायरॉईडचे विकार स्त्रियांतच अधिक. दिवसांतून तीनचार वेळां गोळ्या, चुकली तर संध्याकाळीं बोटें वळतात. जास्त झाली तर कॅल्शियम लघवीवाटे जाऊन मूत्रपिंडांत खडे. कोखरच्या काळच्या मानानें हें सुखच. पण गळ्याची जखम भरून वर्षें लोटलीं तरी रोज घड्याळाकडे पाहून जगावें लागतें. परावटूंच्या रसासारखें, रोज टोचून घ्यावयाचें व दिवसभर पुरणारें औषध युरोपांत २०२३ मध्यें व अमेरिकेंत २०२४ मध्यें मान्य झालें आहे. आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या खिशाला तें परवडण्याजोगें नाहीं.

म्हणून भाकितापेक्षां मूळ दाणेच राखावे, या जुन्या उद्दिष्टाकडे शस्त्रवैद्य पुन्हां वळले आहेत. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ मध्यें एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली: डोळ्यांस न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडल्या प्रकाशाचा झोत मानेंत टाकला तर परावटु आपण होऊन चमकतात, आणि शेजारची चरबी, गांठी व थायरॉईड त्या मानानें काळोखांत राहतात. कां चमकतात हें अजून पुरतें उलगडलेलें नाहीं. २०१८ मध्यें अशा उपकरणांना अमेरिकेंत मान्यता मिळाली. सँडस्ट्रॉमनें पन्नास शवें फाडून जें शोधलें तें आतां पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखें दिसतें. मात्र ही चमक जिवंतपणाची नव्हे. धमनी तुटलेली परावटुही तितकीच चमकते. कापून ताटलींत ठेवलेलीही चमकते. ती श्वास घेते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शिरेंत हिरवा रंग सोडून तिच्यांत रक्त उतरतें काय तें निराळें पाहावें लागतें. आणि हें सारें करून रोगी खाटेवर आल्यावर रात्रपाळीची परिचारिका त्याचा दंड आवळून बघते, गालावर टिचकी मारते, व ओठांना मुंग्या येतात काय म्हणून विचारते.